‘हे अजून त्या ग्रुपमध्येच राहतात’

परदेशात मदतकार्य करून निवृत्त झालेल्या माणसांच्या घरून येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते: माणूस घरी आला, मन आलं नाही. पुण्यात माझ्याकडे आलेल्या एका काकूंनी ती सरळ मांडली. “हे दिवसभर त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिकडचं कुणी गेलं की इकडे यांचं दोन दोन दिवस जेवणात लक्ष नाही. जुनं उकरायचंच कशाला? तुम्हीच सांगा ना त्यांना, ग्रुप सोडा म्हणून.” (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

काका मूळचे मंगळवेढ्याकडचे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात मदतसामान पोहोचवायच्या कामात पडले आणि त्यातूनच पुढे एका आंतरराष्ट्रीय संस्थेत गेले. उमेदीची वर्षं गेली लोकीचोगियोत. केनियाच्या वायव्य कोपऱ्यात, तेव्हाच्या सुदानच्या (आताच्या दक्षिण सुदानच्या) सीमेजवळचं हे गाव. तिथे काम केलेले सगळे त्याला ‘लोकी’च म्हणतात. सुदानच्या यादवीत दक्षिणेकडे उपासमार सुरू झाली तेव्हा, १९८९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ उभं केलं. त्याचा मोठा तळ इथे होता. १९९८ च्या बाहर अल गझलमधल्या दुष्काळात हर्क्युलस विमानं धान्य भरून निघायची आणि रस्ताच नसलेल्या गावांजवळ पोती वरून सोडायची. त्या पोत्यांत ज्वारी असायची. ज्वारीच्या मुलखातल्या या माणसाने ती आभाळातून पडताना पाहिली. पोतं फुटू नये म्हणून एकात एक पोती कशी घालायची, खाली लोक धावत येऊ नयेत म्हणून मैदान कसं मोकळं ठेवायचं, हे काका तासभर सांगतील. पण ऐकणारं कोण? लग्नकार्यात विचारतात ते “सिंह पाहिलेत का हो?” नाहीतर “पगार डॉलरमध्येच ना?”

२००५ च्या शांतता करारानंतर मदतकार्य दक्षिण सुदानातल्या जुबा शहराकडे सरकलं, लोकी ओस पडलं आणि माणसं पांगली. कुणी नैरोबीत, कुणी ओस्लोत, कुणी ढाक्यात. पुन्हा जाऊन बसावं असं ठिकाणच उरलं नाही, ग्रुप तेवढा उरला. तो सोडा म्हणून सांगायला माझी जीभ रेटेना.

म्हातारी माणसं जुनं उगाळतात म्हणजे त्यांची बुद्धी चळायला लागली, असं एकेकाळी डॉक्टरही समजत. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये वेगळं मांडलं. उतारवयात मागे वळून आयुष्याचा हिशेब लावणं स्वाभाविक आहे. पुष्कळांना त्यातून स्वस्थता मिळते, काहींना मात्र अपराधीपणा गाठतो. काका यातले कोणते, एवढंच मला शोधायचं होतं.

म्हणून काकूंना म्हटलं, ते फोनवर किती वेळ असतात ते मोजू नका. फोन खाली ठेवल्यावर काय होतं ते बघा. आठवड्याभराने त्या जरा चक्रावूनच आल्या. ग्रुपवर जुन्या गमती रंगल्या, कुणाचा चिखलातला फोटो आला, की काका जेवतात आणि झोपतातही. लोहगावकडून विमान गेलं तरी दचकत नाहीत, उलट कुठलं असेल ते सांगतात. बिघडतं ते निधनाची बातमी आली की. बातमीखाली हात जोडल्याची तीसेक चिन्हं पडतात आणि सगळं शांत. आपल्याकडे दहाव्याला, तेराव्याला लोक जमतात. गेलेल्या माणसाच्या खोड्या, उधाऱ्या, मोठेपण सगळं निघतं. चार देशांत विखुरलेल्या सहकाऱ्याचं तेरावं कोण घालणार?

काकांशी बोलताना दुसरी गोष्टही आली, तिसऱ्या भेटीत आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. लढाई जवळ आली की तळावर न्यायला विमान यायचं. बाहेरून आलेले कर्मचारी चढायचे, स्थानिक सहकारी बहुधा मागेच राहायचे. अशाच एका गावात कोठाराच्या रखवालदाराने विचारलं, “परत कधी?” काका म्हणाले, “शुक्रवारी.” त्या गावात पुन्हा कधी जाणं झालं नाही. ग्रुपवर दक्षिण सुदानचे सहकारीही आहेत, म्हणून हा विषय त्यांनी तिथे कधी काढला नव्हता.

अशा वेळी ‘बोलून टाका, मोकळं वाटेल’ म्हणायचा मोह होतो. मी तो टाळते. मोठा प्रसंग घडला की लगेच सगळ्यांना बसवून सविस्तर वदवून घ्यायची पद्धत मदतसंस्थांत रूढ होती. त्याने आघातोत्तर ताणविकार टळत नाही असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नये असं सांगितलं. वाईट स्वप्नं, सतत दचकणं, आठवण टाळण्यासाठी दारू, असं काही असतं तर मी काकांना आघातावरच्या उपचारांसाठी पाठवलं असतं. तसं नव्हतं. सांगायचं की नाही हे मी त्यांच्यावर सोडलं आणि सुचवलं एवढंच, की पुढची वाईट बातमी आली तर हात जोडण्याऐवजी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलवा. प्रत्येकाने गेलेल्याची एक हकिगत सांगायची.

ती वेळ लवकरच आली. कॉलवर सातआठ जण होते. बोलता बोलता नॉर्वेच्या एका निवृत्त नर्सबाईंनी त्याच रखवालदाराचं नाव काढलं. विमानात त्याही होत्या. त्याला आपण फसवलं, असं त्याही इतकी वर्षं मनात धरून बसल्या होत्या. आणि जुबाचा एक सहकारी अगदी सहज म्हणाला, तो पुढे युगांडातल्या छावणीत भेटला होता मला. त्यानंतरचं माहीत नाही. काका त्या रात्री झोपले का? नाही. पण उठून काकूंना सगळं सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदाच.

आता तो कॉल दर महिन्याच्या एका रविवारी असतो, कुणी गेलेलं असो वा नसो. काकूही बसतात. मेसमध्ये स्वयंपाक कोण करायचं, यांना पोळ्या कोण करून घालायचं, असं विचारतात. त्यावर पलीकडे फार हसतात म्हणे. ग्रुप सोडायचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. तक्रार आहे ती वेळेची. नैरोबी आपल्या अडीच तास मागे, ओस्लो हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे रविवारी घरात जेवण दहाच्या आत होत नाही.