प्लूटोवर हवामान असतं का, की तो नुसताच गोठलेला गोळा आहे? मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी हवंय.

असतं की! हवा विरळ आहे, आपल्याकडच्या दाबाच्या जेमतेम एक लाखावा भाग, पण आहे. मुख्यतः नायट्रोजन, जोडीला थोडा मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड. तापमान उणे 230 अंशांच्या आसपास. आम्हा सोलापूरकरांना मे महिन्यात ऐकायला बरं वाटतं.

पण ‘नुसताच गोठलेला गोळा’ वाचून माझं डोकं फिरलं. माझी भाची सातवीत असताना तिनं विज्ञान प्रदर्शनासाठी प्लूटोचं मॉडेल केलं होतं. प्लायच्या तुकड्यावर मेण वितळवून ओतलं, ते पुरतं घट्ट व्हायच्या आत सुईनं त्यावर वेडेवाकडे बहुकोन कोरले. कडेला थर्माकोलचे डोंगर, बाकी जागेवर गेरू. डोंगरांच्या पायथ्याशी पांढरी रांगोळी पसरून त्यावरून कंगवा ओढला, झाल्या टेकड्या. (मेणाच्या पातेल्यावरून बहीण मला अजून बोलते.)

परीक्षक आले आणि म्हणाले, “प्लूटोला ग्रहांतून काढलंय, माहीत नाही का? आणि बर्फाच्या गोळ्यावर वाळूच्या टेकड्या? त्याला वारा लागतो बाळ.” पोरगी म्हणाली, “सर, ती मिथेनची वाळू आहे.” तोवर सर पुढच्या टेबलापाशी. पहिला नंबर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरच्या ज्वालामुखीला. दरवर्षी त्यालाच असतो.

अहो, 2006 मध्ये बटुग्रह ठरवलं म्हणून तिथले डोंगर खचले का? तेनसिंग पर्वतरांग सहा किलोमीटरपर्यंत उंच आहे, शेजारी हिलरी रांग. दोन्ही पाण्याच्या बर्फाच्या, कारण त्या थंडीत पाण्याचा बर्फ खडकासारखा कडक होतो. नायट्रोजनचा बर्फ मात्र तिथेही मऊच राहतो. स्पुटनिक प्लॅनिशिया हे सुमारे हजार किलोमीटरचं मैदान त्यानंच भरलंय. आतल्या उष्णतेनं तो मंद आचेवरच्या आमटीसारखा खालून वर येतो, वर्षाला काही सेंटिमीटर, आणि पृष्ठभागावर ते बहुकोन पडतात. म्हणूनच त्या मैदानावर उल्कांचे खड्डे सापडत नाहीत. पृष्ठभाग सारखा नवा होत राहतो.

आता वारा. त्याच मैदानावरचा नायट्रोजन दिवसा उन्हानं थेट वायू होतो, रात्री पुन्हा गोठून बसतो. या ये-जामुळे हवा हलते. तिथला दिवस आपल्या सहा दिवसांहून थोडा मोठा, त्यामुळे सगळं निवांत चालतं. इतक्या विरळ हवेनं कण उचलला जाईल का, हा प्रश्न रास्त आहे. नायट्रोजन उडताना मिथेनच्या बर्फाचे कण वर ढकलतो आणि मग ताशी 30-40 किलोमीटरचा वारा त्यांना पुढे नेतो, असं 2018 च्या संशोधनात मांडलंय. टेकड्या डोंगरांच्या कडेलाच दिसतात. म्हणजे रांगोळी पोरीनं नेमक्या जागी टाकली होती.

शिवाय निळसर धुक्याचे एकावर एक थर आहेत, काही डोंगरमाथ्यांवर मिथेनचं हिम आहे. सूर्याभोवतीची फेरी 248 वर्षांची आणि अक्ष कलंडलेला, त्यामुळे ध्रुवांवर शंभरहून जास्त वर्षं रात्र असते. याला हवामान म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

मुलाला ज्वालामुखी करू देऊ नका, प्लूटोच करू द्या. परीक्षकानं ‘ग्रह नाही’ म्हटलं, तर त्यानं शांतपणे विचारावं, “सर, चंद्र तरी कुठे ग्रह आहे?”

आता एक राहिलंच. न्यू होरायझन्स यान 14 जुलै 2015 ला प्लूटोजवळून गेलं, थांबलं नाही. वाऱ्याचा वेग कुणी तिथे उतरून मोजलेला नाही, तो गणितातून आलाय. स्पष्ट फोटोही एकाच बाजूचे आहेत, दुसऱ्या बाजूचे लांबून घेतलेले आणि धूसर. तेव्हा मॉडेलच्या मागच्या अंगाला मनचे डोंगर चिकटवू नका. तिथे फिका गेरू फासा आणि चिठ्ठी लावा: ‘ही बाजू अजून नीट पाहिलेली नाही.’