'फी' म्हणून पगार घेत असाल तर सही करण्याआधी वाचा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आर्किटेक्टच्या ऑफिसात अडीच वर्षं, पगाराऐवजी 'प्रोफेशनल फी', दोन महिन्यांचे पैसे थकलेले, आणि राजीनामा देताच सरांनी पुढे केलेला 'सर्व हिशेब मिळाला, काही येणे नाही' असा कागद. सही करू का, असं विचारलंय. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय करू नका.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. ऑफिसचं नाव घेत नाही. नोव्हेंबर २०१४ ते डिसेंबर २०१९, म्हणजे ६२ महिने तिथे होतो. १५,००० वर लागलो, ३२,००० वर सोडलं. सकाळी साडेनऊला पंचिंग, रजा विचारून, शनिवारी साइटवर स्लॅब चेकिंग. पण कागदोपत्री मी 'रिटेनर कन्सल्टंट', म्हणजे महिन्याच्या फीवरचा बाहेरचा सल्लागार.

दर महिन्याच्या ५ तारखेला अकाउंटच्या ताई माझ्याच नावाचं बिल छापून आणायच्या. वर माझा पत्ता नि पॅन, खाली 'स्ट्रक्चरल डिझाइन सेवेबद्दल'. समोर बार बेंडिंग शेड्यूल (सळयांच्या मापांचा तक्ता) उघडं असायचं, मी ते बाजूला सारून न वाचता सही करायचो. अशा ६२ सह्या. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ती हीच.

आणि त्यात मला फायदा दिसत होता! १० टक्के टीडीएस कापून पैसे यायचे, रिटर्न भरलं की गणपतीच्या आसपास सगळा रिफंड परत. बोनस मिळाल्यासारखं वाटायचं. तो माझाच कापलेला पगार होता. तुम्हालाही कुणी 'आयकराच्या ४४एडीए कलमाखाली फीतलं निम्मंच उत्पन्न धरतात, फी परवडते' असं सांगितलं असेल. करापुरतं ते खरं आहे. पण दुसऱ्या पारड्यात काय जातं ते कुणी सांगत नाही.

आमच्या ऑफिसात २६ माणसं होती, पगारपत्रकावर फक्त ९. पीएफचा कायदा २० माणसांपासून लागतो, ग्रॅच्युइटीचा १० पासून. आता तो ९ आकडा पुन्हा बघा. मला हे सोडल्यानंतर कळलं. १५,००० वर मालकाचा १२ टक्के वाटा म्हणजे महिना १,८००, ६२ महिन्यांचे १,११,६०० रुपये, व्याज वेगळंच. मूळ पगार १६,००० धरला तरी पाच वर्षांची ग्रॅच्युइटी ४६,००० च्या वर. (रुजू होतानाच मूळ पगार १५,००० च्या वर असेल आणि आधीचं पीएफ खातं नसेल, तर पीएफ बंधनकारक नसतो. तुमचा आकडा तपासा, माझा हिशेब तसाच्या तसा लावू नका.)

शेवटचे तीन महिने, ९६,००० रुपये, अडकले. 'क्लायंटचं पेमेंट आलं की देतो.' या वाक्याचा मला आजही संताप येतो. प्लॅन मंजुरीचा टप्पा लांबला, बिल्डरने हप्ता अडवला, ही ऑफिस चालवणाऱ्याची जोखीम आहे. ती महिन्याचं घरभाडं भरणाऱ्या ज्युनिअरच्या गळ्यात का घालायची?

मग एका सरकारी कचेरीच्या खेपा सुरू झाल्या, सात महिने. पहिल्या दिवशी टेबलावरच्या साहेबांनी माझी फाइल उघडली, नेमणूकपत्र शोधलं, पगारस्लिप शोधली. हाती लागली ती बिलं. त्यातलं एक माझ्याकडे फिरवून सहीवर बोट ठेवलं, "ही तुमचीच ना? मग तुम्ही व्यापारी. दिवाणी कोर्टात जा." पुढच्या खेपेला दुसरे साहेब म्हणाले, इंजिनीअर कामगार कसा? तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्याला २४,००० ची मर्यादा होती, माझे ३२,०००, म्हणून तेही दार बंद. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत 'तांत्रिक' काम होतं, आणि कोर्ट कागदावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचं स्वरूप बघतं, हे मला कुणीही सांगितलं नाही. मीही वकिलाकडे गेलो नाही, फी वाचवायला. अखेर ४०,००० वर तडजोड केली आणि तुमच्यासमोर आहे तसल्याच कागदावर सही केली.

मी वकील नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. तुमची बाजू माझ्यापेक्षा बरी आहे असं मला वाटतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेत तांत्रिक, पर्यवेक्षी, सगळेच कर्मचारी येतात, ती २४,००० ची भिंत राहिलेली नाही. राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायची तरतूदही आहे. पण आधी तुम्ही कर्मचारी होतात हे दाखवावं लागेल, आणि खरी लढाई तिथेच आहे.

त्यासाठी आज रात्रीच कागद जमवा, ऑफिसचा ईमेल बंद व्हायच्या आत. रजेच्या अर्जाचे आणि 'उद्या साइटला जा' वाले व्हॉट्सअॅप मेसेज, पंचिंगचा रेकॉर्ड, बँक स्टेटमेंट. २६एएस (आयकर खात्याकडचं तुमच्या करकपातीचं विवरण) उघडून टीडीएस कुठल्या कलमाखाली आहे ते बघा, जुन्या १९६१ च्या आयकर कायद्यात पगाराला १९२, फीला १९४जे. आणि आपल्याच क्षेत्रातला एक पुरावा सगळे विसरतात: ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक. 'ड्रॉन बाय'समोर तुमची आद्याक्षरं आणि तारीख. महिन्याला चार शीट धरल्या तरी अडीच वर्षांची हजेरी तिथे पडलेली आहे. फक्त त्या कोपऱ्याचे फोटो घ्या. क्लायंटची पूर्ण ड्रॉइंग उचलू नका, उलट तुमच्यावरच तक्रार होईल. त्यानंतर थकबाकीच्या रकमेसह साधा ईमेल पाठवा. आवाज चढवायचा नाही, आकडे लिहायचे.

इथे वर कुणीतरी आर्किटेक्ट्स अॅक्टखाली तक्रार करा म्हटलंय. १९७२ चा तो कायदा नोंदणी आणि व्यावसायिक आचरणाचा आहे, थकलेला पगार वसूल करून देणारा नाही. आम्हा इंजिनीअरांना तर तसा केंद्रीय कायदाही नाही. पीएफ कार्यालयाला मात्र ऑफिसातली खरी माणसं मोजायचा अधिकार असतो. २० किंवा जास्त असाल तर तिकडे अर्ज कराच, मी केला नाही याचं आजही वाईट वाटतं.

अनुभवपत्राचंही बघा. माझ्यावर 'कन्सल्टंट' लिहिलं होतं. पुढच्या मुलाखतीत तो अनुभव निम्माच धरला आणि गृहकर्जाच्या वेळी बँकेने फॉर्म १६ (पगारातल्या करकपातीचा मालकाने द्यायचा दाखला) मागितला, तो नव्हताच. 'ज्युनिअर आर्किटेक्ट' हा हुद्दा, रुजू आणि सोडल्याची तारीख, एवढं तरी लिहून घ्या. आणि नव्या ठिकाणी मुलाखतीलाच विचारा, पगारपत्रकावर किती जण आहेत? मी आता पगाराच्या आकड्याआधी हेच विचारतो.

त्या कागदाचा मजकूर नावं झाकून इथे टाकलात तर वाचून सांगेन. तोवर सर घाई करत असतील तर 'घरी दाखवून आणते' किंवा 'आणतो' एवढंच म्हणा आणि कागद बॅगेत ठेवा.