लॅबमध्ये पेशी मेल्या म्हणून घरातली गोळी बंद करू नका

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या आण्णांना दोन वर्षांखाली सीएमएल म्हणजे ब्लड कॅन्सर निघाला. इमॅटिनिबची गोळी चालू आहे, रिपोर्ट चांगले येतेत. आता भावकीच्या ग्रुपवर मेसेज फिरायलाय की एका झाडाच्या पाल्याच्या रसानं 'के-562' नावाच्या ब्लड कॅन्सरच्या पेशी 48 तासात मेल्या, खाली रिसर्च पेपरचा फोटो बी आहे. चुलते म्हणायलेत गोळी बंद करा न् रस सुरू करा, कारण गोळीनं आण्णांचे पाय सुजतेत, मळमळ होते. आण्णा बी तयार झालेत. हे के-562 काय असतंय? काय करावं समजना गेलंय. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : दादा, आधी गोळीचं बोलते मग बाकीचं. गोळी आजही द्या, उद्याही द्या. जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाणी पिऊन घेतली की मळमळ बरीच कमी होते, आणि पाय सुजतात हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर उपाय आहेत, गरज पडली तर ते डोसही बदलतात. पण आपल्या मनानं बंद करायची नाही. रिपोर्ट चांगले येतायत ते गोळी चालू आहे म्हणून येतायत.

आता के-562. ही एका 53 वर्षांच्या बाईच्या आजारातून आलेली पेशींची जात आहे. तिला सीएमएलच होता, पण शेवटच्या टप्प्यातला, ज्याला डॉक्टर ब्लास्ट क्रायसिस म्हणतात, आणि फुफ्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून या पेशी घेतल्या होत्या. अमेरिकेतल्या लोझिओ आणि लोझिओ या संशोधकांनी 1975 साली त्यांची माहिती छापली. तेव्हापासून या पेशी जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत, साधारण दिवसाला दुप्पट होतात. ती बाई कोण होती हे आपल्याला माहीत नाही, पण तुमच्या आण्णांच्या गोळीमागे तिचाही हात आहे असं मी मनापासून मानते. कारण सीएमएलमध्ये 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचा बिघडलेला जीन तयार होतो, आणि त्याचं एन्झाइम बंदच होत नाही, पेशी वाढतच राहतात. हाच बिघाड के-562 मध्ये आहे. इमॅटिनिब नेमकं त्या एन्झाइमला अडवतं, आणि त्याच्या सुरुवातीच्या अभ्यासात के-562 वापरली गेली. पण पुढं काय झालं ते बघा. लॅबमध्ये पेशी मेल्या म्हणून लगेच कुणी गोळी बाजारात आणली नाही. प्राण्यांवर तपासली, 1998 पासून पेशंटवर ट्रायल झाल्या, डोस ठरला, आणि 2001 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

त्या मेसेजमधला रस यातल्या पहिल्याच पायरीवर आहे. काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पोट नाही, लिव्हर नाही, किडनी नाही. तिथं मीठ जास्त पडलं तरी पेशी मरतात, व्हिनेगर टाकलं तरी मरतात. प्रश्न हा आहे की रस पिल्यावर त्यातलं औषध रक्तात किती पोचतं आणि चांगल्या पेशी वाचतात का, आणि हे त्या फोटोतून कळत नाही. शिवाय काही झाडपाल्यानं गोळीचं रक्तातलं प्रमाण कमीजास्त होतं, म्हणून 'दोन्ही सोबत देऊ' हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मी झाडपाल्याच्या विरोधात अजिबात नाही. आपल्या दारातल्या सदाफुलीतूनच विनक्रिस्टिन निघालं, लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये, ते आजही देतात. पण ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात. सदाफुलीची पानं चघळून कुणी बरं होत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते. चुलत्यांना हे वाचून दाखवा, ते वाईट हेतूनं म्हणत नसतील.

प्रश्न : मॅडम, मी लातूरला एमएस्सी बायोटेक करतेय. प्रोजेक्टमध्ये एचएल-60 या ब्लड कॅन्सरच्या पेशींवर कडुलिंबाच्या पानांचा अर्क टेस्ट करायचाय. सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये कायम वाढत राहणाऱ्या या पेशी, मैत्रिणीच्या लॅबमधून मिळतेय, चालेल का?

उत्तर : नको गं. पुण्याच्या एनसीसीएसमधून, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून रीतसर मागव. हातोहात फिरलेल्या फ्लास्कवर नाव एकीचं आणि आत दुसरीच पेशी असं जगभर झालेलं आहे, आणि मायकोप्लाझ्मा नावाचा बारीक जंतू असला तर तो साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. अर्क कशात विरघळवणार? डीएमएसओमध्ये ना? मग एचएल-60 च्या बाबतीत फार सांभाळ. साधारण सव्वा टक्का डीएमएसओ नुसतं टाकलं तरी काही दिवसात या पेशी कॅन्सरसारखं वाढायचं सोडून प्रौढ पांढऱ्या पेशींसारख्या व्हायला लागतात, हे 1978 पासून माहीत आहे. म्हणजे कडुलिंबानं केलं असं तुला वाटेल आणि केलं असेल डीएमएसओनं. म्हणून जितकं डीएमएसओ अर्कासोबत जातं तितकंच नुसतं डीएमएसओ टाकलेली वेगळी प्लेट ठेव, आणि निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरही अर्क बघ. ट्रिपॅन ब्लू हा रंग टाकून पेशी मोजायच्या चेंबरमध्ये मोजताना निळ्या झालेल्या पेशी मेलेल्या, चकचकीत गोल राहिलेल्या जिवंत, दोन्ही मोज. नुसता कमी आकडा म्हणजे पेशी मेल्या असं नसतं, वाढ थांबलेली असू शकते.

आणि ही वाढ थांबवून पेशी प्रौढ करण्याची गोष्ट लहान समजू नकोस. 1980 मध्ये रेटिनोइक ॲसिडनं एचएल-60 प्रौढ होतात असं दिसलं, 1988 मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरच्या 24 पेशंटना हेच औषध देऊन आलेला अनुभव छापला, आणि जो आजार आठवड्यांत जीव घ्यायचा तो आज बहुतेक वेळा बरा होतो. थिसिसमध्ये 'कॅन्सरवर औषध सापडलं' लिहू नको, 'एचएल-60 ची वाढ अमुक प्रमाणात थांबली' एवढंच लिही. तुझ्या थिसिसचा फोटो उद्या कुणाच्या भावकीच्या ग्रुपवर जाईल सांगता येत नाही.

प्रश्न : आमच्या बाळाला ल्युकेमिया आहे. बोन मॅरो तपासताना रिसर्चसाठी सॅम्पल ठेवू का म्हणून सही मागितली. सही केल्यावर बाळाच्या पेशी कायम लॅबमध्ये राहणार का? नाही म्हटलं तर उपचारावर परिणाम होईल? — परभणी

उत्तर : ताई, नाही म्हटलं तरी उपचार तसाच मिळाला पाहिजे, नियमच तसा आहे. बहुतेक सॅम्पल कायमची सेल लाइन होत नाहीत, शरीराबाहेर पेशी थोड्या दिवसात मरतात, क्वचितच एखादी टिकते. टीएचपी-1 ही लाइन जपानमधल्या एक वर्षाच्या मुलाची आहे, जुरकॅट 14 वर्षांच्या मुलाची, आणि शरीर जंतूंशी कसं लढतं यातलं बरंच काही त्यांच्यामुळं समजलं. तपासणीसाठी सुई घालणारच असतील तर थोडं सॅम्पल जास्त द्यायला मी तरी हो म्हणेन, पण वेगळी सुई परत घालणार का, नाव गुप्त राहील का, नंतर मन बदललं तर काय, हे तिन्ही प्रश्न सही करायच्या आधी विचारा, मराठीत समजावून घ्या आणि फॉर्मची एक कॉपी स्वतःकडे ठेवा.