व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाने पुढचं प्रशिक्षण कुठलं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळच्या केंद्रात दीड वर्षं काम करताय, दोन कार्यशाळा झाल्या, पण पेशंटसमोर बसलं की पहिले पाढे पंचावन्न. मी याच किनाऱ्यावर अकरा वर्षं हे काम करतोय. माझंही अगदी असंच झालं होतं.

पहिल्या वर्षी एका खलाशाला मी जीव तोडून समजावलं. लिव्हर, कर्ज, पोरांची शाळा, सगळं. तो 'होय सर, होय सर' म्हणत राहिला आणि परत फिरकला नाही. मग केंद्रातल्या एका ताईंनी दुसऱ्या पेशंटची परवानगी घेऊन माझं सत्र रेकॉर्ड करायला लावलं. ऐकलं तर चाळीस मिनिटांतली तीसेक मिनिटं मीच बोलत होतो. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची, म्हणजे उपदेश न करता प्रश्न विचारून पेशंटलाच बोलतं करण्याच्या पद्धतीची, कार्यशाळा तोवर झालेली होती. दारू सोडायची कारणं पेशंटच्याच तोंडून यायला हवीत, हे पाठ होतं, जमत नव्हतं.

म्हणून नवा कोर्स शोधण्याआधी तुमचं सत्र ऐकणारं माणूस शोधा. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने हे करून दाखवलंय. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचं शिक्षण नसलेली साधी माणसं तयार केली आणि ती एकमेकांची रेकॉर्ड केलेली सत्रं ऐकून गुण देत. पेशंटमागे फार तर चार सत्रं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: तीन महिन्यांनी घातक पिण्यातून बाहेर पडलेले पुरुष ३६ टक्के, नुसत्या, थोड्या सुधारलेल्या नेहमीच्या उपचारांत २६ टक्के. मात्र ते ऑडिट चाचणीत (दारूचा त्रास किती ते मोजणारी प्रश्नावली, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) १२ ते १९ गुण असलेले लोक होते. आपल्याकडे येणारे बहुतेक त्याच्या पुढे गेलेले असतात, तेव्हा चार सत्रांत भागेल असं धरू नका.

एक गोष्ट शिकणं मात्र पुढे ढकलू नका, ती म्हणजे विड्रॉल, म्हणजे दारू अचानक बंद झाल्यावर शरीराला होणारा त्रास, ओळखणं. दारू तुटल्यावर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी हातापायांची थरथर, घाम आणि आपण कुठे आहोत तेच न कळणं दिसलं, तर जिवावर बेततं, लगेच हॉस्पिटल. औषधं डॉक्टरांचं काम, पण रात्री वॉर्डात तुम्हीच असता. केंद्रावर येणाऱ्या डॉक्टरांसोबत राऊंडला फिरा.

कोर्सच करायचा तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडे चौकशी करा, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचं ऑनलाइन शिक्षणही आहे. जाताना तुमच्या अडलेल्या दोन केस लिहून न्या.

आणि वेळ बघा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, खलाशी घरी असतात, आपली गर्दी तेव्हाच. ऑगस्टला होड्या गेल्या की फॉलोअप फोनवर येतो. फोनवर ऐकून घेणं समोर बसण्यापेक्षा अवघड जातं, म्हणून पहिलं रेकॉर्डिंग, परवानगी विचारून, अशाच एका फोनचं करा.