वेरूळला जाण्याआधी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

वेरूळची लेणी आणि विशेषतः कैलास लेणं पाहायला जाणाऱ्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

सोमवारी-मंगळवारी जोडून रजा आहे. अजिंठा आणि वेरूळ दोन्ही होतील का? (पुणे)

होतील, पण क्रम चुकवू नका. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. उलटं केलंत तर दोन्ही दिवस बंद फाटक पाहून परतावं लागेल, आणि ही चूक फार जणांच्या हातून होते. अजिंठा छत्रपती संभाजीनगरपासून साधारण १०० किलोमीटर, तर वेरूळ साधारण ३०, तेही दुसऱ्या दिशेला. दोन्ही एका दिवसात उरकायचा बेत मनातून काढून टाका. त्यात पाहणं कमी आणि गाडीत बसणंच जास्त होतं.

वेरूळसाठी शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड, चाळीसगावकडे जाणाऱ्या एसटी मिळतात. त्या लेण्यांच्या फाट्यावर सोडतात. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. तो जाताना करू नका. देवगिरीची चढण चढून थकलेल्या पायांनी चौतीस लेणी होत नाहीत.

तिकीट किती? सोबत परदेशी पाहुणे आहेत. (नाशिक)

भारतीय नागरिकाला ४० रुपये, परदेशी नागरिकाला ६०० रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सगळ्या लेण्यांना मिळून एकच तिकीट असतं, ते शेवटपर्यंत जपून ठेवा. पाहुण्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा, कारण दर नागरिकत्वावरून ठरतो. तिकीट ऑनलाइन काढता येतं आणि गर्दीच्या दिवशी तेच सोयीचं.

एकच दिवस आहे. कुठून सुरुवात करावी? (सोलापूर)

लेणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी असतात. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात. बहुतेक लोक एकपासून मोजत निघतात आणि कैलासाला, म्हणजे सोळाव्या लेण्याला, पोचेपर्यंत दुपारचं ऊन आणि शाळांच्या सहली दोन्ही गाठतात.

त्यापेक्षा फाटक उघडताच थेट कैलासात जा. सकाळी प्रांगणात सावली असते, दगड थंड असतो आणि माणसं मोजकी. दीड ते दोन तास तिथेच द्या. मग बसने जैन लेण्यांकडे जा. ती बाकीच्यांपासून लांब आहेत, चालत गेलात तर दुपार तिथेच संपते. तिथलं ३२ क्रमांकाचं, इंद्रसभा, चुकवू नका. जेवणानंतर बौद्ध लेणी.

यामागे उजेडाचं गणित आहे. हा डोंगरकडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगरामागे, म्हणून लेण्यांचे दर्शनी भाग सावलीत. दुपारनंतर ऊन समोरून येतं. दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यात, तेव्हा दर्शनी खिडकीतून उजेड उतरतो आणि स्तूपापुढची बुद्धमूर्ती, वरच्या दगडी फासळ्या स्पष्ट दिसतात. या फासळ्या लाकडी छताची दगडातली नक्कल आहेत, म्हणून याला ‘सुतार का झोपडा’ही म्हणतात. सकाळी तिथे अंधारात चाचपडावं लागतं. पाय शाबूत असतील तर सूर्यास्ताआधी पुन्हा कैलासासमोर या. सकाळी करडी दिसलेली दर्शनी भिंत तेव्हा उजळलेली असते.

कैलासात नेमकं पाहायचं काय? गाईड घ्यावा का? (लातूर)

परवानाधारक गाईड मिळाला तर जरूर घ्या, पण आधी एक प्रदक्षिणा स्वतः घाला. प्रवेशद्वारातून आत शिरताच समोर गजलक्ष्मी आहे. सगळे तिथेच फोटोसाठी अडतात आणि मागे रांग तुंबते. तिथून डावीकडे वळा. उत्तरेच्या बाजूला गंगा, यमुना, सरस्वती यांचं छोटं देवालय आहे, आणि मंडपाच्या भिंतीवर महाभारताचे प्रसंग पट्ट्यांमध्ये कोरलेले आहेत. पुढे जोत्यातले हत्ती पाहा. सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर पेललेलं वाटावं अशीच ती योजना आहे. मागच्या ओसऱ्यांतून फिरून दक्षिणेला आलात की कैलास हलवणारा रावण दिसतो, तसंच रामायणाची भिंत. रावणाच्या शिल्पासमोर घाई करू नका. तो खोल खोबणीत कोरलेला आहे; डोळे अंधाराला सरावल्यावरच त्याच्या हातांचा जोर आणि वर पार्वतीचं दचकून शंकराला बिलगणं दिसतं.

त्यानंतर जिन्याने वर मंडपात. छताला जुन्या रंगांचे अवशेष आहेत, कारण हे देऊळ मुळात गिलावा करून रंगवलेलं होतं. तिथे फ्लॅश वापरू नका. लहान एलईडी टॉर्च कोपऱ्यांतली शिल्पं पाहायला उपयोगी पडते, पण रंगांवर झोत रोखून धरू नका.

बाजूच्या पायवाटेने डोंगरावर गेलं की देऊळ वरून दिसतं, आणि ते वरून खाली कोरत आणलं याचा अर्थ तिथे उमगतो. आधी तीन बाजूंनी खंदक खणून मधला कातळ सुटा केला, मग शिखरापासून पायथ्याकडे काम उतरत आलं. त्यामुळे परांचीची गरज कमी पडली, पण चुकलेला घाव भरून काढायला जागा राहिली नाही. पावसाळ्यात ही वाट शेवाळाने निसरडी होते; तेव्हा वर जाऊ नका.

अठरा वर्षांत कोरलं आणि दोन लाख टन दगड काढला, हे खरं का? (कोल्हापूर)

राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द साधारण इ. स. ७५६ ते ७७३ अशी मानतात, आणि अठरा वर्षांचा आकडा तिच्याशी जुळतो. मुख्य देवळाचं श्रेय त्यालाच दिलं जातं. पण ओसऱ्या, लंकेश्वर नावाचं बाजूचं लेणं वगैरे भागांचं काम पुढेही चाललं, असं अनेक अभ्यासक शैलीवरून मानतात. टनांचा आकडा पोकळीच्या घनफळावरून काढलेला अंदाज आहे. मोजून ठेवलेली नोंद नव्हे. याहून मोलाचा पुरावा इ. स. ८१२ च्या बडोदा ताम्रपटात आहे: हे देऊळ पाहून देवही थक्क होतात, आणि ‘हे मी कसं केलं?’ असं खुद्द शिल्पकाराला वाटतं, अशा अर्थाचं वर्णन त्यात येतं.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे. तिला काय दाखवता येईल? (अमरावती)

कैलासाचं प्रांगण खालून फिरता येतं आणि शिल्पांचा मोठा भाग तिथूनच दिसतो. दहावं लेणंही जमेल. पंधरावं दशावतार लेणं आणि बारावं तीन ताल टाळा. तिथल्या दगडी पायऱ्या उंच आहेत, तीन तालच्या जिन्यात अंधारही असतो. ऊन तापण्याआधी जा. पादत्राणं काढायची पाटी असेल तिथे दुपारचा दगड पोळतो, म्हणून जाड मोजे ठेवा. खाण्याची पिशवी मात्र हातात नको, माकडं ती हिसकावतात.

कैलासात अभिषेक करता येतो का? (जालना)

नाही. गाभाऱ्यात शिवलिंग आहे, हात जोडून दर्शन घ्या. पण हे संरक्षित स्मारक आहे. दूध, तेल, कुंकू, कापूर यांचे थर दगडावर बसतात आणि ते काढताना कोरीवकामच झिजतं. हात फिरवल्यानेही हेच होतं. नाव कोरणाऱ्याला तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पूजा-अभिषेकासाठी जवळच घृष्णेश्वर ज्योतिर्लिंग आहे. आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगावरचा सदरा, बनियन काढावं लागतं. मोबाइल, कॅमेरा आत नेता येत नाही. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला इथल्या गर्दीने लेण्यांकडचा रस्ताही तुंबतो. फक्त लेणी पाहायची असतील तर ते दिवस सोडून या.