कशाला उशीर, ते आधी विचार

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

‘गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांत मेंदू घडून जातो, मग आठवीतल्या मुलांना वाचायला शिकवून मी काय मिळवते आहे?’ असं तू लिहिलंस. प्रशिक्षणातल्या एका व्याख्यानानं तू इतकी हललीस, की आश्रमशाळेतली नोकरी सोडून अंगणवाड्यांच्या कामात जायचं म्हणतेस. ते काम मोलाचं आहे, जायचं तर खुशाल जा. पण या कारणासाठी जाऊ नकोस. ‘उशीर झाला’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कशाला उशीर?

काही गोष्टींना खरोखर होतो. गर्भाची मज्जानलिका, जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ती नीट मिटायला लागणारं फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व दिवस राहण्याच्या आधीपासून हवं. तिसऱ्या महिन्यात सुरू केलेल्या गोळीचे इतर फायदे असतील, मज्जानलिकेसाठी ती वेळ गेलेली असते. इथे वाद नाही.

आता डोळ्यांचं बघ. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ शिवून ठेवला, तेव्हा पुढे तो उघडला तरी मेंदू त्याचं फारसं ऐकेना. त्यावरून जन्मांध मुलांवर मोठेपणी शस्त्रक्रिया करून उपयोग नाही, असंच बहुतेकांनी धरलं. मेंदूचे अभ्यासक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमानं भारतात अशा मुलांचे मोतीबिंदू काढले, काहींचे तर पौगंडावस्थेत. नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही. पण काही महिन्यांत ती मुलं वस्तू वेगळ्या करून ओळखू लागली. एकाच डोळ्याच्या एका कामाला उशीर झाला होता, दुसऱ्याला नव्हता. आणि तू अख्ख्या मेंदूला एकच तारीख लावून बसलीस!

वाचनाचं तर विचारूच नकोस. लखनौजवळच्या खेड्यांत तिशीच्या आसपासच्या निरक्षर माणसांना, त्यात बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. आधीचं आणि नंतरचं मेंदूचं चित्रण ताडून पाहिलं, तर दृष्टीचे भाग आणि मेंदूच्या अगदी खोलातले भाग यांच्यातला मेळ वाढलेला दिसला. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिशीतल्या बाईचा मेंदू अक्षरांसाठी जागा करतो आणि तुझ्या तेरा वर्षांच्या मुलाचा करणार नाही?

तेराव्या वर्षी तर मेंदूत केवढी घडामोड चालू असते. कपाळामागचा भाग, ज्याच्या जोरावर माणूस स्वतःला आवरतो आणि पुढचा विचार करतो, तो सगळ्यात शेवटी पक्का होतो, पार विशीच्या मध्यापर्यंत. लहानपणी पेशींमधल्या जोडण्या गरजेपेक्षा खूप जास्त तयार होतात. पुढे शेतात विरळणी करावी तशा त्या कमी होतात. वापरातल्या टिकतात. तुझ्या वर्गात आत्ता ही विरळणी चालू आहे, आणि नेमकी तूच तिथून उठून जाणार!

मी चिडून लिहिते आहे, कारण ‘उशीर झाला’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. आमच्या संस्थेनं मोठ्या मुलांचे वाचनवर्ग बंद केले, पैसा लहानांकडे वळवायचा म्हणून. मी बैठकीत भांडले. हट्टी ठरले, पुढे समितीतून माझं नावही गेलं. ती तुकडी अर्ध्यावर सुटली याची खंत आजही जात नाही. भांडल्याची मात्र मुळीच नाही. लहानांना द्या, जरूर द्या, पण मोठ्यांच्या तोंडचं काढून कशासाठी? तेव्हा माझ्या हातात हे अभ्यास नव्हते. ‘ढ’ म्हणून मागे बसवलेल्या आणि वर्षअखेर धडे मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या मुली होत्या. मला तेवढा पुरावा पुरला, आणि तो पुरेसाच होता असं मी अजूनही म्हणते.

तुला भांडायचंच असेल तर झोपेसाठी भांड. वयात येताना झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, रात्री उशिरा स्रवू लागतं. मुलं आळशी नसतात, त्यांचं शरीरच उशिरा झोपायला सांगतं. आपल्याकडे महाराष्ट्रात २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश निघाला, तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्यांचं झोपेचं घड्याळ खरोखर उशिराकडे सरकलेलं असतं ती आठवी-नववीची मुलं त्यात नाहीतच. तुझ्या वसतिगृहात पहाटे पाचला घंटा होते आणि पहिल्या तासाला मुलं पेंगतात, हे तूच लिहिलंस, आणि त्यावरून त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही असा निष्कर्षही काढलास.

अधीक्षकांना भेट. निदान सहापर्यंत झोपू द्या म्हण आणि वाचनाचा तास दुपारी घे. पहिल्यांदा ते नाहीच म्हणतील. पुढच्या महिन्यात पुन्हा जा. राजीनामा लिहून ठेवला असशील तर तो राहू दे बाजूला, आणि जूनपासूनच्या वाचनाच्या नोंदी मला पाठव.

तुझी,
बाई