डंबेल बाजूला उचलताना खांद्यात कळ येते, काय चुकतंय?

तू लिहिलंयस की वय 22, देवगडकडे आंब्याच्या बागेत काम, जिमला तीन महिने झाले आणि लॅटरल रेज मारताना उजवा खांदा दुखतो. मी वयाने दुप्पट आहे, म्हणून एकेरीत बोलतो.

आधी सांग, झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली लांब काठी) घेऊन दिवसाला किती तास हात डोक्यावर असतो? तुझ्या प्रश्नात वजनं आहेत, रिप्स (किती वेळा उचललं) आहेत, हे नाही. माझा खांदा असाच गेला. एप्रिल महिना, सकाळी सहापासून झेला आणि संध्याकाळी जिममध्ये मानेमागून बार प्रेस, म्हणजे बार मानेमागून डोक्यावर ढकलायचा. तिसऱ्या आठवड्यात शर्टाच्या बाहीत हात घालताना ओरडलो. त्या कुशीवर झोपता येईना. चार महिने डंबेल बंद. जिमचा खांदा वेगळा आणि बागेचा वेगळा असं काही नसतं.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेलं लिंबू. ते जागेवर धरून ठेवतात चार लहान स्नायू, फिजिओ त्यांना रोटेटर कफ म्हणतात. त्यांतल्या एकाचा कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) वरच्या हाडाच्या छपराखालून जातो. अंगठा खाली वळवून हात वर नेला की त्याला तिथे दाटी होते.

आणि आपल्याकडे शिकवतात काय? "वर गेल्यावर तांब्यातलं पाणी ओतल्यासारखं कर." धडधाकट खांदा हे खपवून घेतो, पण कुरकुरणाऱ्या खांद्याने करू नये. अंगठा किंचित वर ठेव. हात अगदी बाजूला न नेता थोडे पुढे, साधारण 30 अंश. कोपर जरासं वाकलेलं. खांद्याच्या उंचीला थांब आणि खाली येताना दोन-तीन सेकंद घे. एवढ्याने कळ गेली, तर चूक सापडली. अपराइट रो (बार अंगासरसा हनुवटीपर्यंत ओढणं) आणि मानेमागचा प्रेस मात्र सोडून दे, त्यांच्यावाचून खांदे होतात.

लहान जिममध्ये डंबेल 2.5 नंतर थेट 5 किलोचा. म्हणजे एका उडीत दुप्पट, आणि मग पोरं कंबरेचा झोका देऊन उचलतात. त्यापेक्षा 2.5 किलोवर 20 रिप्स स्वच्छ जमू देत. मग दोन लिटरची बाटली कोरड्या वाळूने भर, तीन किलोच्या थोडी वर जाते. वाळूला काय तोटा आपल्याकडे!

उभ्याने प्रेस करताना मागे रेलू नकोस. ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये 1972 पर्यंत प्रेस हा प्रकार होता. खेळाडू इतके मागे झुकायला लागले की पंचांना निर्णय देणं कठीण झालं, आणि तो काढून टाकला. बरगड्या खाली, ढुंगण आवळलेलं आणि बार तोंडासमोरून वर. बार उचलण्याआधी कॉलर (प्लेटा अडवणारी कडी) हाताने हलवून बघ. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतो, पिळताना घट्ट लागतो पण बसलेला नसतो. एका बाजूची प्लेट निसटली की दुसरी बाजू खांद्याला हिसका देते. घामाचे हात पुसायला पंचा जवळ ठेव.

बेंच प्रेसने (बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं) पुढचा खांदा आपोआप मार खातो, मागचा उपाशी राहतो. जेवढं ढकलशील तेवढं तरी ओढ. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणारे बघ, कोपरं अंगाशी आणि जोर पायांचा. रोइंग, म्हणजे वजन पोटाकडे ओढणं, तसंच कर. शिवाय रबरी बँड दाराच्या कडीला बांध, कोपर कुशीला टेकवून हात बाहेर फिरव, 15-15 चे दोन सेट.

रात्री दुखून जाग येत असेल, हात वर जात नसेल किंवा बोटांपर्यंत मुंग्या येत असतील तर हे वाचत बसू नकोस, हाडांच्या डॉक्टरांना दाखव.

बाकी, आंबा उतरेपर्यंत डोक्यावरचे सगळे प्रकार बंद, फक्त रोइंग आणि बँड. पाऊस लागून झेला कोपऱ्यात गेला की हलका प्रेस सुरू कर.